‘कॉम्प्युटर नको, फाइल्स हव्यात’ : हार्डडिस्क बंद पडल्यावर काय करावं

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभरहून अधिक मिलिमीटर पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत शिरली. पंचनाम्यात फ्रिज-कपाटांचं मोल लिहिता येतं. टेबलाखालच्या सीपीयूमधल्या पंधरा वर्षांच्या फोटोंचं येत नाही. तेव्हापासून वाचक एक प्रश्न सारखा विचारत आले आहेत, आणि तो केवळ पुरापुरता उरलेला नाही. मे महिन्यातला उकाडा, विजेचा झटका, टेबलावरून पडलेली एक्स्टर्नल हार्डडिस्क, कारण कोणतंही असो, प्रश्न ठरलेला असतो: ‘हार्डडिस्क दुरुस्त कुठे करून मिळेल?’

गोंधळ या प्रश्नातच आहे. तुम्हाला हार्डडिस्क दुरुस्त करायची नसते. नवी हार्डडिस्क बाजारात काही हजारांत मिळते. तुम्हाला जुनीतल्या फाइल्स बाहेर काढायच्या असतात, आणि ही दोन कामं पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. कॉम्प्युटर ‘चालू करून देणारा’ दुकानदार मनापासून मदत करतो: ‘होऊन जाईल भाऊ, विंडोज टाकून देतो.’ विंडोज नव्याने टाकताना वीसेक जीबीचा मजकूर त्याच डिस्कवर लिहिला जातो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हवरच असतात. हार्डडिस्कच्या ज्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, तिथलं जुनं कोणतीही लॅब परत आणू शकत नाही.

म्हणून दुकानात शिरताच पहिलं वाक्य हेच बोला: ‘मला कॉम्प्युटर चालू करून नको, आतल्या फाइल्स हव्या आहेत. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका, विंडोज टाकू नका.’ पावतीवरही ते लिहून घ्या.

पहिल्या दहा मिनिटांत काय करू नये

- पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नका. बिघडलेल्या डिस्कचं आयुष्य मोजकं उरलेलं असतं, आणि ते ‘आता लागते का’ हे बघण्यात संपतं.
- ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर ‘कॅन्सल’ दाबा. संदेश आला म्हणजे फाइल्स गेल्या असं नसतं. डिस्कवरची फाइल्सची यादी विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.
- ‘चेकडिस्क’ चालवू नका. कॉम्प्युटर सुरू होताना ते आपोआप चालू झालं तर ठरावीक सेकंदांत कोणतंही बटण दाबून थांबवता येतं. ते फाइल सिस्टीम सुसंगत करण्यासाठी बनलं आहे. तुमच्या फाइल्स वाचवण्यासाठी नाही.
- फाइल्स परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका.
- फ्रीजरमध्ये ठेवणं, हलके ठोके मारणं, झाकण उघडून बघणं हे सगळं विसरा. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कच्या आत दमट हवेचे थेंब जमतात. आपल्या पावसाळ्यात तर जास्तच.

बिघाड खरंच हार्डडिस्कमध्येच आहे का?

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे हार्डडिस्क गेली, असं होत नाही. पॉवर सप्लाय, रॅम, स्क्रीन किंवा मदरबोर्ड यातलं काहीही असू शकतं. अशा वेळी डिस्क धडधाकट असते. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की काम झालं. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला साधी यूएसबी केबल पुरते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. तो नसेल तर ती मेल्यासारखीच वाटते.

एक्स्टर्नल हार्डडिस्क असेल तर आधी केबल बदला, मग पोर्ट बदला. ते जमलं नाही तर केसिंगमधला छोटा सर्किट बोर्ड गेलेला असू शकतो, आतली डिस्क ठीक असते. पण काही मॉडेल्समध्ये, विशेषतः वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय पासपोर्ट’मध्ये, यूएसबीचं तोंड डिस्कच्याच बोर्डवर असतं आणि डेटा त्या बोर्डवरच्या चिपमधून एन्क्रिप्ट होतो. तिथे केसिंग बदलून काही साधत नाही. जुना बोर्ड चुकूनही फेकू नका.

घराघरांतून होणारा एक अपघातही सांगून ठेवतो. टेबलामागच्या अडॅप्टरांच्या गुंत्यातून लॅपटॉपची १९ व्होल्टची पिन १२ व्होल्टच्या हार्डडिस्कला लागते. वास येतो आणि डिस्क गप्प होते. ऐकायला भयंकर असलं तरी यात आशा बरीच असते. अनेक बोर्डांवर जादा व्होल्टेज अंगावर घेणारे डायोड असतात, आणि पुष्कळदा तेवढेच जळतात. जाणकार माणूस हे काम करू शकतो. मात्र ‘सेम मॉडेलचा बोर्ड लावून देतो’ एवढ्याने भागत नाही. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये बोर्डवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची खास मापं नोंदलेली असतात, ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डवर न्यावी लागते. हे न सांगणाऱ्याला डिस्क देऊ नका.

डिस्कचा आवाज ऐका

- टिक-टिक, खरखर, किंवा फिरून थांबणं: हेड किंवा मोटर गेली आहे. डेटा वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते टेकलं की तबकडी खरवडली जाते आणि खरवडलेला भाग कायमचा जातो. लगेच बंद करा. घरगुती उपाय इथे संपले.
- आवाज नेहमीसारखा, पण फोल्डर उघडायला मिनिटं लागतात: बॅड सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा. अजून वेळ आहे, पण फार नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवरून चालवून ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. त्यातले आकडे शून्यापेक्षा जास्त असतील आणि वाढत असतील तर त्या डिस्कवर विश्वास ठेवू नका.
- आवाज नेहमीसारखा, पण फॉरमॅट मागते किंवा ‘रॉ’ दाखवते: बहुधा यादी बिघडली आहे. फाइल्स परत मिळण्याची शक्यता चांगली.
- चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं: डिस्कला काही झालेलं नाही. तिच्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये एवढंच सांभाळा.
- अजिबात आवाज नाही, बोटाला थरथरही नाही: बोर्ड गेला आहे किंवा मोटर अडकली आहे.

भिजलेली हार्डडिस्क

इथे बहुतेकांचा सहजधर्मच घात करतो. पुराच्या पाण्यात गेलेली वस्तू आपण उन्हात वाळवतो, हेअर ड्रायर फिरवतो, तांदळाच्या डब्यात ठेवतो. हार्डडिस्कला यातलं काही करू नका. बहुतेक डिस्कना हवेचा दाब सांभाळणारं बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आत जातं. ते नळाचं पाणी नसतं. नाग नदीच्या पुरात गाळ होता, सांडपाणी होतं. वाळलं की हा थर तबकडीवर चिकटून बसतो, आणि डिस्क फिरवली की हेड त्यावर आपटतं.

डिस्क ओली मिळाली तर बाहेरचा चिखल हलकेच पुसा. ओलसर कापडासह घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि लवकरात लवकर लॅबकडे पोचवा. लॅब ती उघडून तबकड्या धुते. चार दिवसांनी वाळलेली मिळाली असेल तर मुद्दाम भिजवू नका, पण वीजही जोडू नका. ‘बघू तरी लागते का’ हा मोह याच डिस्कच्या बाबतीत सगळ्यात महाग पडतो.

खर्च करण्याआधी यादी करा

नक्की काय गेलं आहे ते कागदावर लिहा. बऱ्याच गोष्टी दुसरीकडे सापडतात, आणि बिल अर्धं नव्हे, शून्यावर येऊ शकतं.

- सातबारा, आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, गाडीचं आरसी: महाभूलेख, डिजिलॉकर किंवा त्या त्या खात्याच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात.
- भरलेली आयकर आणि जीएसटी विवरणपत्रं पोर्टलवर असतात. टॅलीचा मूळ डेटा मात्र तिथे नसतो. तुमच्या सीएंकडे बॅकअपची प्रत पडून आहे का, ते आधी विचारा.
- विंडोजमध्ये वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तुमच्या नकळत इंटरनेटवर जात असण्याची शक्यता असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून पाहा. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि गुगल ड्राइव्हवर कचरापेटीतल्या वस्तू ३० दिवस राहतात, गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस.
- लग्नाचे फोटो फोटोग्राफरकडे, बारशाचे आत्याच्या फोनमध्ये, प्रबंधाचा मसुदा गाइडना पाठवलेल्या ई-मेलमध्ये असू शकतो.
- दुकानदाराने आधीच विंडोज टाकलं असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर आहे का बघा. असेल तर आजच दुसरीकडे कॉपी करा, काही वेळा दहा दिवसांनी तो आपोआप पुसला जातो.

यानंतर जे उरेल, त्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल, तो आकडा ठरवा. हा आकडा दुकानात जाण्याआधी ठरलेला हवा. तिथे समोरचा माणूस आवाजावरून तुमची घालमेल ओळखतो.

घरी करायचं झालं तर

डिस्कचा आवाज नेहमीसारखा असेल आणि फाइल्स गेल्या तरी आभाळ कोसळणार नसेल, तरच. क्रम असा:

१. जुनीपेक्षा मोठी, रिकामी डिस्क आणा.

२. जुन्या डिस्कची आधी जशीच्या तशी पूर्ण नक्कल घ्या, मग जे शोधायचं ते नकलेत शोधा. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आहे. पेनड्राइव्हवर उबुंटू टाकून त्यावरून ते चालवतात. ते आधी सहज वाचता येणारा भाग घेतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. कुठवर वाचून झालं याची ते एका फाइलमध्ये नोंद ठेवतं. ती फाइल जपून ठेवली तर मधेच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं.

३. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन नावांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाते. एंटर दाबण्याआधी मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसाला दाखवा.

४. नक्कल झाली की तिच्यावर ‘टेस्टडिस्क’ किंवा ‘फोटोरेक’ चालवा. दोन्ही मोफत आहेत. फोटोरेक फाइल्स शोधतं, पण त्यांची मूळ नावं आणि फोल्डर परत देत नाही. हजारो आकडी नावांचा ढीग पुढ्यात येतो, त्याची तयारी ठेवा.

विकतचं सॉफ्टवेअर घेणार असाल तर मोफत आवृत्तीत फाइल उघडून दिसते का ते बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. फोटो पडद्यावर पूर्ण उमटला, तरच पैसे भरा.

मे महिन्यात हे काम दुपारी करू नका. नक्कल घ्यायला कित्येक तास लागतात, डिस्क तापते. खाली टेबलफॅन लावा, नाहीतर रात्री बसा.

एसएसडी आणि कुलूपबंद डिस्क

गेल्या काही वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती पडल्याने सहसा बिघडत नाही. पण ती पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडते. डिलीट केलेलं तर ती स्वतःच मागच्या मागे पुसून टाकते. त्यामुळे एसएसडीवरून चुकून उडवलेल्या फाइलबद्दल ‘शंभर टक्के मिळेल’ म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरी अडचण बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला त्याचा पत्ता नसतो. मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हायसेसच्या यादीत सापडते. ते खातं कोणाच्या ई-मेलवर आहे? अनेक घरांत दुकानदारानेच पहिल्या दिवशी कुठलंतरी खातं उघडून दिलेलं असतं. किल्ली नसेल तर डिस्क शाबूत असूनही फाइल्स मिळत नाहीत, आणि ‘बिटलॉकर तोडून देतो’ असं सांगणारा तुमचे पैसे तेवढे घेईल. तुमचा कॉम्प्युटर आज ठीक चालत असेल तर ही किल्ली आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा.

अ‍ॅपलच्या बहुतेक नव्या मॅकमध्ये साठवण मदरबोर्डवरच जोडलेली आणि एन्क्रिप्टेड असते. तिथे बोर्ड जिवंत करणं हाच मार्ग.

कोणाकडे द्यावी

सीताबर्डीत कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं भरपूर आहेत आणि साधी कामं तिथे नीट होतात. डिस्क उघडायची असेल तर मात्र धूळमुक्त खोली लागते आणि त्याच जातीची दुसरी डिस्क सुट्या भागांसाठी लागते. अनेक दुकानं असं काम पुण्या-मुंबईच्या लॅबकडे पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला माहीत असायला हवं. एकदा चुकीच्या हातांनी उघडलेली डिस्क पुढची लॅब घ्यायला नाखूश असते, घेतली तर दर वाढवते.

विचारायचे प्रश्न:

- डिस्क इथेच राहणार की बाहेर जाणार? कोणाकडे?
- उघडावी लागली तर कुठे उघडणार? आधी मला विचारणार ना?
- आधी नक्कल घेणार का?
- तपासणीचे किती? ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ यात सुट्या भागांचा खर्च येतो की तो वेगळा?
- पूर्ण पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइल्सची यादी दाखवणार का? त्यातल्या माझ्या पसंतीच्या पाच-दहा उघडून दाखवणार का?
- तुमच्याकडे राहिलेली प्रत कधी पुसणार?

खर्चाचा अंदाज बांधायचा तर डिस्कवरची बिघडलेली यादी दुरुस्त करण्याचं काम काही हजारांत होतं, हेड बदलण्याचं पाच आकडी रकमेत जातं. पहिल्याच फोनवर डिस्क न बघता पक्का आकडा आणि पक्की हमी देणाऱ्यापासून दूर राहा.

वॉरंटीतल्या डिस्कबाबत एक सापळा आहे. कंपनी डिस्क बदलून देते, डेटा देत नाही, आणि जुनी डिस्क परत घेते. फाइल्स हव्या असतील तर वॉरंटीचा दावा नंतर. सील तुटलं तर वॉरंटी जाते का, तेही आधी लिहून घ्या. सीगेटच्या काही एक्स्टर्नल मॉडेल्सबरोबर ‘रेस्क्यू’ नावाची डेटा परत काढून देण्याची सेवा मिळते. खोका फेकला नसेल तर वाचून बघा.

कुरिअरने पाठवताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती चारही बाजूंनी जाड फोम, मग घट्ट खोका. ट्रॅव्हल्सच्या डिकीत सुटी टाकू नका. कोणी नातलग पुण्या-मुंबईला जात असेल तर हातातल्या बॅगेतून देणं उत्तम. विमानतळावरच्या एक्स-रेने डिस्कला काही होत नाही.

पावती, आणि तुमचे हक्क

डिस्क देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, सीरियल नंबर स्पष्ट दिसू द्या. पावतीवर मॉडेल, सीरियल नंबर, तारीख, लक्षण, सील शाबूत असल्याची नोंद, ठरलेला दर आणि ‘परवानगीशिवाय उघडू नये, फॉरमॅट करू नये’ हे वाक्य हवं. ‘आपलेच आहात, पावती कशाला’ असं म्हटलं तर तोच मजकूर दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ‘ओके’ मागवा.

- बिल हा तुमचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला सांगणंही त्याच व्याख्येत येतं.
- डिस्क अडवून ठेवली तर: केलेल्या कामाचे वाजवी पैसे मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा अधिकार करार कायद्याच्या कलम १७० ने दुरुस्ती करणाऱ्याला दिला आहे. ठरलेली तपासणी फी द्या आणि डिस्क घ्या. ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ असं लेखी ठरलं असेल, तर डेटा न देता अडवण्याला आधार उरत नाही.
- ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ हे पावतीवर छापलेलं असतं. एवढ्याने निष्काळजीपणा माफ होतो असं समजू नका. करार कायद्याच्या कलम १५१ नुसार ताब्यात घेतलेल्या वस्तूची वाजवी काळजी घ्यावीच लागते. पण हेही लक्षात ठेवा, की गेलेल्या फाइल्सचं पैशातलं मोल सिद्ध करणं कठीण असतं.
- फोटो किंवा कागदपत्रं परवानगीशिवाय कॉपी केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागतात. करारातून हाती आलेली वैयक्तिक माहिती गैरहेतूने उघड केली तर कलम ७२अ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर.

ग्राहक तक्रारीची सुरुवात १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनपासून करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर लेखी नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि वकील असायलाच हवा असं नाही. लॅब पुण्यात असली तरी तुम्ही राहता त्या नागपुरातच तक्रार करता येते, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही. मुदत दोन वर्षांची. धंद्याच्या कामासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने डीटीपी करणारा किंवा शिकवण्या घेणारा बसतो.

फाइल्स हाती आल्यावर

ताब्यात घेतानाच दुकानात बसून उघडून बघा. किती फोल्डर आले ते यादीशी ताडा. टॅली असेल तर कंपनी उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा.

आणि जुना मराठी मजकूर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसला तर लगेच ‘फाइल करप्ट आली’ म्हणून भांडू नका. युनिकोडच्या आधीचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसतो म्हणून असं दिसतं. मजकूर निवडून योग्य फॉन्ट लावला की कविता, कुळाची वंशावळ, सोसायटीचं इतिवृत्त जसंच्या तसं दिसतं. म्हणून परत काढायच्या यादीत फॉन्टचा फोल्डरही लिहा. पेजमेकरच्या फाइल असतील तर त्या उघडणारा जुना कॉम्प्युटर एखाद्या छापखान्यात अजून मिळतो. तिथे नेऊन मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

सगळं तपासून, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवून होईपर्यंत जुनी डिस्क घरातच ठेवा. नंतरही ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. बंद पडलेल्या डिस्कमधूनही फाइल्स निघतात, हे तर तुम्ही नुकतंच पाहिलेलं असतं. तबकडीला आरपार भोकं पाडून मग ई-कचऱ्यात टाका. भोकं पाडताना डोळ्यांवर चष्मा हवा, लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये तबकडी काचेची असू शकते.